भिंतीतलं मधमाश्यांचं पोळं न मारता कसं काढावं? (डिचोली, गोवा)

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमचं जुनं चिऱ्यांचं कौलारू घर आहे. मागच्या पडवीत खिडकीच्या चौकटीलगत गिलावा सुटून फट पडली आहे, तिथून मधमाश्यांची ये-जा चालू झाली आहे. चवथीला सगळे जमलो होतो तेव्हा काही नव्हतं. दिवाळीनंतर भिंतीला कान लावला तर आतून सतत गुणगुण ऐकू येते. अजून कुणाला चावलेल्या नाहीत, पण सासूबाईंचं वय झालंय आणि मुलगी दिवसभर त्याच पडवीत खेळते.

शेजारचे काका म्हणतात, रात्री चूड पेटवून धरा, नाहीतर रॉकेल मारा. पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलं, तो एका फवाऱ्यात काम होईल म्हणाला. मला त्या मारायच्या नाहीत. परसात काकडी, दोडकी, भोपळा लावतो, भाटात माड आहेत, आणि ह्याच माश्या रोज सकाळी त्या फुलांवर दिसतात. गोव्यात कुणी पोळं जिवंत हलवून देतं का? भिंत किती फोडावी लागते? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

रानभूल
ताई, आधी त्या फटीचा आणि माशीचा जवळून फोटो टाका. मोबाइल झूम करून, बाजूला उभं राहून काढा. माश्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत उभं राहू नका. माशी कुठली ते कळल्याशिवाय सल्ला देणं धोक्याचं आहे, कारण आपल्याकडे घरांच्या आसऱ्याला येणाऱ्या माश्या चार तऱ्हेच्या आणि चौघींची वागणूक वेगळी.

भिंतीच्या पोकळीत, माळ्यावर, विजेच्या मीटरच्या पेटीत, जुन्या मडक्यात अशी अंधारी जागा शोधून एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते ती सातेरी. हीच पेटीत पाळतात. इमारतीच्या सज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली, उंच झाडाच्या फांदीला एकच मोठं उघडं पोळं लटकतं ते आग्याचं. तिच्या वाटेला अननुभवी माणसाने अजिबात जायचं नाही. झुडपाच्या डहाळीभोवती हाताच्या पंजाएवढं छोटं पोळं असेल तर फुलोरी. आणि चिऱ्यांच्या सांध्यातून राळेची बारीक नळी बाहेर आलेली असेल, माशी चिलटाएवढी काळी असेल, तर ती पोया. तिला नांगी मारताच येत नाही.

करड्या कागदासारखं घरटं आणि बारीक कंबरेचा लांब कीटक दिसला तर ती गांधीलमाशी, मधमाशी नव्हेच. तिचं घरटं पेटीत नेऊन काही साधत नाही.

चिरेबंदी
फोटो टाकला आहे. माशी तपकिरी, पोटावर पट्टे. फटीच्या तोंडाशी दोन-चार बसलेल्या असतात, पायांना पिवळं काहीतरी लागलेल्या आत जातात.

रानभूल
सातेरीच. पायांवर पराग घेऊन आत जातायत, म्हणजे आत अळ्यांना भरवणं चालू आहे. राणी अंडी घालतेय, वसाहत स्थिरावली आहे. झुंड नुसती विसाव्याला थांबली असती तर आपणहून गेली असती. झाडाच्या फांदीला किंवा गेटला माश्यांचा घोस लटकलेला दिसतो तो असाच असतो. त्याला हात लावायचीच गरज नसते, काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत उठून जातो. तुमच्या बाबतीत तसं होणार नाही.

तिस्क नाका
कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण एक बाजू मांडतो. आमच्या नात्यातल्या एका काकांना काजूच्या बागेत माश्यांनी घेरलं होतं. इस्पितळात दिवस काढावे लागले, वाचले हे नशीब. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल असताना माश्या आधी की माणसं आधी? फवारा मारून भिंत बुजवली तर एका दुपारचं काम आहे. माश्या रानात भरपूर आहेत.

कुळागर
दादा, तुमच्या काकांचं ऐकून वाईट वाटलं. बागेत अंगावर आल्या म्हणजे बहुतेक आग्याच. तिची भीती खरी आहे आणि बाळगायलाच हवी. पण इथे प्रश्न सातेरीचा आहे. आणि फवारा हे एका दुपारचं काम नाही, हे मी फवारा मारलेल्या भिंती उघडून पाहिल्यात म्हणून सांगतो. सत्तरी तालुक्यात माझ्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, हाक आली तर आजूबाजूच्या घरातली पोळी काढून आणतो.

माश्या मेल्या तरी आतला मध, मेण आणि पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या, कोष असलेला भाग, तिथेच राहतो. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून आतली उष्णता सांभाळतात, अळ्या आणि मध राखतात. त्या मेल्या की अळ्या कुजतात, दोन-तीन दिवसांत वास सुटतो. मुंग्या येतात, मेणकिडा येतो, पोळी पोखरली जाऊन मध गिलाव्यातून झिरपतो. चिरा तो शोषून घेतो, मग कितीही रंग मारा, डाग परत वर येतो. दुसऱ्या वसाहतींच्या माश्या तो विषारी मध लुटून न्यायला येतात आणि आपल्या घरी जाऊन मरतात. एवढं करून मेणाचा वास पोकळीत राहतोच, त्या वासावर पुढच्या हंगामात नवी झुंड त्याच फटीत शिरते. म्हणजे भिंत शेवटी फोडावीच लागते, फक्त घाणीत हात घालून. नुसती फट बुजवली तरी तेच, वर जिवंत माश्या दुसरी वाट शोधत खोलीच्या आत निघतात. चूड तर जुन्या घराला नकोच. वासे, रिपा, माळ्यावरचं सुकं लाकूड सगळं पेट घेणारं.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं. भिंत पूर्ण फोडायची नसते. भिंतीवर हात ठेवून चाचपून पाहा, पोळं असलेल्या जागी हाताला ऊब लागते. तेवढाच भाग उघडायचा. बऱ्याचदा चौकटीची एक बाजू सोडवली तरी हात आत जातो. गवंडी आधीच सांगून ठेवा, पण माश्या निघेपर्यंत त्याला लांब बसवा.

आम्ही काम संध्याकाळी चारच्या सुमाराला सुरू करतो. उजेड असतो, आणि आवरेपर्यंत चरायला गेलेल्या माश्या परत आलेल्या असतात. धुराड्यात, म्हणजे धूर सोडायच्या डब्यात, नारळाची सोडणं पेटवून दोन-तीन हलके झोत द्यायचे. धुरामुळे माश्या मध प्यायला लागतात, शिवाय एकीने नांगी मारल्यावर इतरांना चेतवणारा जो वास सुटतो तो दबतो. सातेरीला धूर जास्त दिला तर ती पोळी सोडून सैरावैरा धावते आणि राणी कुठल्या कोपऱ्यात जाते ते कळत नाही. धुराच्या बाबतीत घाई करणाऱ्याला काम देऊ नका.

मग एकेक पोळं मुळापासून कापून काढायचं. वरच्या भागात मध असतो तो वेगळा भांड्यात. खालचा पिलावा पेटीच्या चौकटीत बसवून केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने बांधायचा. पोळं भिंतीत ज्या बाजूने वर होतं तीच बाजू चौकटीतही वर हवी. पुढे माश्या मेणाने ते पक्कं करतात आणि दोरा कुरतडून बाहेर टाकतात. मधाची ओघळणारी पोळी पेटीत कोंबायची नाहीत, माश्या त्यात बुडून मरतात आणि मुंग्यांना आमंत्रण मिळतं.

खरं काम राणीचं. सातेरीची राणी लांबट, काळपट पोटाची. ती दिसली तर तिला राणीच्या पिंजरीत घालून पेटीत ठेवायचं. नाही दिसली तर माश्यांचा जिथे दाट झुबका आहे तो भाग हलक्या हाताने ओंजळीने पेटीत सोडायचा. मग पेटी त्या फटीजवळच ठेवून बसायचं. थोड्या वेळाने पेटीच्या दाराशी काही माश्या पोटाचं टोक वर करून जोरजोरात पंख हलवायला लागतात. त्या बाकीच्यांना वास पाठवून बोलावत असतात. राणी आत आहे याची ती खूण. त्यानंतर भिंतीतल्या माश्या रांगेने चालत पेटीत शिरतात. ते दृश्य मुलीला लांबून, जाळीच्या दाराआडून नक्की दाखवा.

अंधार पडला की दार बंद करून पेटी उचलायची आणि निदान तीन किलोमीटर लांब न्यायची. जवळच ठेवली तर दुसऱ्या दिवशी चरायला गेलेल्या माश्या जुन्या भिंतीकडे परततात. नव्या जागी दाराला राणी अडवणारी पट्टी आठवडाभर ठेवावी. सातेरी चंचल आहे, जागा पटली नाही तर सगळी वसाहत उठून जाते. पहिले काही दिवस संध्याकाळी साखरेचा पाक द्यायचा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

आता हंगाम बरोबर आहे. पाऊस सरलाय, पुढे काजूचा मोहोर आहे. जून ते ऑगस्टमध्ये असं पोळं काढलं असतं तर बाहेर खायला नाही आणि वसाहत जगवणं कठीण. पावसाळ्यात कुणी विचारलं तर मी सांगतो, चार महिने फटीसमोर जाळीचा आडोसा करा, वाट वरच्या बाजूला वळवा आणि थांबा.

फोंडा नर्स
डंखाबद्दल लिहिते, कारण सगळे प्रश्न शेवटी तिथे येतात. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि विषाची पिशवी तिला चिकटलेली असते, तीही पुढे विष सोडत राहते. म्हणून नांगी ताबडतोब काढा. नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका. मग साबणाने धुवून बर्फ. चावलेली जागा सुजणं, लाल होणं, दुखणं हे नेहमीचं.

पण अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, उलट्या, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन. ही ॲलर्जी काही मिनिटांत जीव घेऊ शकते आणि तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. आधी एकदा असं झालेलं माणूस घरात असेल तर पोळं काढायच्या दिवशी त्याला दुसऱ्या घरी पाठवा. आणि खूप डंख झाले असतील तर ॲलर्जी नसली तरी इस्पितळात जायलाच हवं, मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो. माश्या मागे लागल्या तर हात न झटकता चेहरा झाकून पळा आणि बंद खोलीत शिरा. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात.

तिस्क नाका
भिंतीतला मध झिरपतो हे माहीत नव्हतं. आमच्या मागच्या खोलीत एक डाग वर्षानुवर्षं येतोय, तिथे पूर्वी माश्या होत्या. कदाचित तेच असेल. पण कुळागर भाऊ, प्रत्येक गावात तुमच्यासारखा माणूस कुठे मिळणार?

कुळागर
मिळतो, विचारावं लागतं. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात आणि जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, पेट्या ठेवणारे शेतकरी त्यांना माहीत असतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या बाजूला अजून रानातली माहिती असलेली माणसं आहेत. फक्त पहिला प्रश्न हा विचारा, "पिलाव्याचं काय करता?" पोळं पिळून मध घेतो आणि पिलावा टाकतो असं उत्तर आलं तर तो माणूस मधाचा आहे, माश्यांचा नाही. पैशाचं, गवंड्याचं, गाडीचं आधी बोलून घ्यावं. मधाचं म्हणाल तर घरमालकाचा, असं मी मानतो. मात्र त्या पोळ्यावर आधी कुणी काही फवारलं असेल तर तो मध तोंडात घालायचा नाही, पुरून टाकायचा.

पर्वरी सोसायटी
आमचा प्रश्न आग्याचा आहे. वरच्या मजल्याच्या सज्ज्याखाली मीटरभर रुंद पोळं आलंय. रहिवासी दोन गटांत विभागलेत. एक गट म्हणतो आजच जाळा. रात्री काही माश्या फ्लॅटमध्ये शिरतात, त्यामुळे लोक जास्त घाबरलेत.

रानभूल
रात्री शिरतात त्या दिव्यासाठी. त्या बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे लावा, सज्ज्यावरचा दिवा बंद ठेवा, बारीक जाळी बसवा. बहुतेक तक्रारी एवढ्यानेच थांबतात.

आग्या पेटीत राहत नाही, त्यामुळे सातेरीसारखं हलवणं इथे लागू होत नाही. पण ती कायमची राहायलाही येत नाही. फुलोऱ्यामागे फिरणारी माशी आहे, फुलं सरली की सगळी वसाहत उठते आणि रिकामं पोळं मागे राहतं. पोळं जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब असेल तर थांबणं हाच मार्ग. तोवर त्या बाजूला रंगकाम, काचा पुसणं, फटाके, कचऱ्याचा धूर, ड्रोन, सगळं बंद. गच्चीत जायच्या दाराला कुलूप आणि सूचना. मोहोळघार पोळ्यावर झडप घालते तेव्हा माश्या खवळतात, ते आपल्या हातात नाही, म्हणून खाली खेळणाऱ्या मुलांना घरात कसं पळायचं ते आधी सांगून ठेवा.

शाळेच्या दारावर, दवाखान्याच्या जिन्यात असं पोळं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबा म्हणता येणार नाही. पण तेही रात्री, पूर्ण पोशाखातल्या, शिकलेल्या पथकाने. अग्निशमन दलाला १०१ वर कळवून परिसर मोकळा करून. दोरीला लटकून टेंभा घेऊन जाणाऱ्या हौशी माणसाला सोसायटीने परवानगी दिली आणि तो पडला तर जबाबदारी कुणाची, हे सभेत विचारा.

पर्वरी सोसायटी
आणि गेल्या की पुढच्या वर्षी पुन्हा येतील?

रानभूल
येऊ शकतात. आग्याच्या वसाहती काही महिन्यांनी नेमक्या जुन्या जागी परततात, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणून त्या उठून गेल्या की लगेच, पावसाआधी, रिकामं पोळं काढा, मेण खरवडून जागा धुवा आणि सज्ज्याखाली तिरकी जाळी ताणून लावा. पोळं बांधायला सपाट आधारच मिळाला नाही की दुसरी जागा शोधतात.

चिरेबंदी
सगळ्यांचे आभार. ओळखीतून एक मधपाळ मिळाले, काल काम झालं. कुळागर दादांनी लिहिल्याप्रमाणेच चौकटीची बाजू सोडवली, भिंत फोडावी लागली नाही. सासूबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. त्यांच्या लहानपणी माळ्यावर मडकं पालथं घालून मुद्दाम माश्या वसवत असत, असं त्यांनी सांगितलं. मी या घरात इतकी वर्षं आहे, हे कधी ऐकलं नव्हतं. पेटी रात्रीच सत्तरीकडे गेली.

एक शंका आहे. आज सकाळी मूठभर माश्या त्या जागी परत घोंगावताहेत. राणी राहून गेली की काय?

कुळागर
नाही, बहुधा काल रात्री बाहेर राहिलेल्या चरणाऱ्या माश्या आहेत. पोळं नाही, राणी नाही, दोन-चार दिवसांत ओसरतील. पराग घेऊन आत जाताना दिसल्या तर मात्र कळवा.

आता पोकळीचं काम टाळू नका. आतलं मेण पत्र्याने खरवडा, गरम पाणी आणि सोड्याने धुवा, वाळल्यावर चुन्याचा हात द्या. मग पोकळी चिऱ्याचे तुकडे आणि मसाल्याने भरा. वरची फट तेवढी लिंपली आणि आत जागा मोकळी राहिली तर दुसरीकडून शिरकाव होतो. मीटरची पेटी, खिडकीची खालची खाच, कौलांखालचं वाशाचं टोकही याच वेळी बघून घ्या.

चिरेबंदी
गवंडी उद्या येतोय, त्याला हे वाचून दाखवते.

पेडणेकरीण
धागा वाचून आमच्या देवघराच्या भिंतीत पाहिलं, तर राळेची नळी! रानभूल यांनी लिहिलेल्या पोयाच असाव्यात. त्याही हलवायला हव्यात का? आमच्याकडे पुढच्या महिन्यात गिलाव्याचं काम आहे.

रानभूल
अजिबात नको. नांगी नाही, फार तर केसांत शिरून कुरतडतात. वसाहत लहान, मध थोडा, भिंतीला अपाय नाही. मिरची-टोमॅटोच्या फुलांवरसुद्धा ह्या बारीक माश्या काम करताना दिसतील. गवंड्याला एवढंच सांगा की नळीच्या भोवती वीतभर जागा सोडून गिलावा करायचा आणि नळीचं तोंड झाकायचं नाही. काम चालू असताना नळीवर जाळीदार चाळण उलटी लावली तर सिमेंटचे थेंब आत जाणार नाहीत, संध्याकाळी ती काढायची. नळी चुकून मोडली तरी घाबरू नका, त्या पुन्हा बांधतात.

पेडणेकरीण
गवंड्याला खडूने गोल आखून देते.